हिरवी नको

लग्नाची पत्रिका हातात पडली त्या रात्री मी तिला व्हॉट्सअॅपवर विचारलं, तुमच्याकडच्या लग्नाला काय घालायचं असतं गं? पाच मिनिटांनी उत्तर आलं, "कपडे घालून ये म्हणजे झालं", आणि पुढे हसून हसून रडणारे तीन चेहरे. मीही हसले. मग वर टायपिंग दिसायला लागलं, थांबलं, परत दिसलं, एक मेसेज टुणकन आला आणि मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत तो गेला सुद्धा. राहिली ती नुसती करडी ओळ, मेसेज डिलीट केल्याची. मी दोन मिनिटं त्या ओळीकडे बघत बसले. मग वर जाऊन माझा स्वतःचा मेसेज परत वाचला, आणि त्यातला "तुमच्याकडच्या" मला एकदम खड्यासारखा लागला. अठ्ठावीस वर्षांची मैत्री आहे आमची. एका टेबलावर डबा खाल्लाय, एकमेकींच्या बाळंतपणात रजेचे अर्ज एकमेकींनी टाकलेत, तिच्या लेकीला मी कडेवर घेऊन तलावपाळीवर बोटी दाखवल्यात. त्याच लेकीचं लग्न, आणि मी विचारतेय तुमच्याकडच्या.

काय लिहिलं असेल तिने? विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही, आणि वाचलं तर फोन करून झापेल. आम्ही ठाण्यातल्या एका विम्याच्या ऑफिसात एकाच महिन्यात लागलो. ती राबोडीतून चालत यायची, मी चरईतून. कोकणी मुसलमान, मूळ गाव श्रीवर्धनकडचं, त्यामुळे घरात मराठीच, म्हणजे माझ्यापेक्षा चांगलं मराठी, "काय गो" ने सुरू होणारं. पहिले सहा महिने मला ती खोतांच्या घरातली वगैरे वाटायची, मग रमजानात डबा आणेनाशी झाली तेव्हा माझी ट्यूब पेटली. पुढे लग्न करून ती मुंब्र्याच्या कौशाला गेली. नवऱ्याचं घर मुंबईचं, १९९२-९३ नंतर जी कितीतरी बिऱ्हाडं मुंबईतून मुंब्र्याकडे सरकली त्यातलं एक. ह्या विषयावर ती कधी बोलली नाही आणि मीही कधी काढला नाही. मैत्रीत अशा दोन-तीन खोल्या बंदच असतात, आपण बाहेरून झाडू मारत राहतो.

तर पत्रिका. उजवीकडून उघडणारी, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. वेळ लिहिलेली, बाद नमाज-ए-इशा. नवऱ्याने पत्रिका उलटसुलट करून विचारलं, "म्हणजे नक्की किती वाजता?" मी म्हटलं, आपल्या पत्रिकेत गोरज मुहूर्त लिहितात तो तरी कुठे कोणाला कळतो, आणि ७ वाजून १२ मिनिटांचा मुहूर्त असला तरी आपण जेवणाच्या वेळेलाच पोचतो ना. शेवटी मीच सूर्यास्तानंतर साधारण सव्वा-दीड तास, वर मंडळी नमाज पढून येणार, असा हिशोब करून डिसेंबरच्या मानाने आठ धरले. वेळेचा प्रश्न असा चुटकीसरशी सुटला. कपड्यांचा सुटेना.

खरं म्हणजे माझ्याकडे पैठणी आहे, जांभळी, पदरावर मोर. लग्नात मी डोळे मिटून तीच काढते. पण ह्यावेळी मी कपाट उघडून उभी राहिले आणि डोक्यात चक्रं सुरू झाली. नेटवर शोधलं तर सगळीकडे त्याच सूचना. खांदे झाकलेले हवेत, पाय झाकलेले हवेत, पारदर्शक नको, फार घट्ट नको, मशिदीत जाणार असाल तर डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवा. पुरुषांनी शॉर्ट्स घालू नयेत, हे वाचून मी नवऱ्याकडे बघितलं, कारण हा माणूस पुतणीच्या हळदीला बर्म्युडावर गेला होता. मग एके ठिकाणी वाचलं की माणसांची, प्राण्यांची चित्रं असलेले कपडे काही लोक टाळतात. झालं. मोर! सहा मोर आहेत माझ्या पदरावर आणि काठात पोपट. रात्री साडेअकराला मी पैठणी पलंगावर पसरून मोर मोजत होते आणि नवरा उशीवरून म्हणाला, "तू लग्नाला चालली आहेस की परीक्षेला?"

ब्लाऊजचं तर विचारू नका. माझ्या पैठणीच्या ब्लाऊजला पाठीमागे गळा खोल आणि दोरी, दोरीला लटकन, भाचीच्या हौसेने शिवलेला. जांभळी नाक्याजवळ एक मास्टर आहेत, वीस वर्षं माझे ब्लाऊज तेच शिवतात. त्यांच्याकडे घेऊन गेले आणि म्हटलं, पाठ बंद करा, बाह्या कोपराच्या खाली आणा. मास्टरनी टेप गळ्यात टाकून ब्लाऊज उलटा केला, शिलाईतला शिल्लक कपडा चिमटीत धरून बघितला आणि विचारलं, "क्या हुआ भाभी, किधर जाना है?" मी सांगितलं, शादी में, मुंब्रा, मुसलमान मैत्रिणीच्या लेकीची. ते दोन सेकंद गप्प. मग मागच्या दांडीवर टांगलेले पाच-सहा ब्लाऊज हाताने फिरवून मला दाखवले, सगळ्यांच्या पाठी ह्या एवढ्या उघड्या, जाळीचे, मोत्यांच्या झालरीचे. म्हणाले, "ये सब उधर की ही शादी का है. लेडीज का अलग रहता है ना. आपको ही काय को बंद करने का है?" मास्टर स्वतः पाच वेळचे नमाजी, हे मला नंतर आठवलं. तरी मी हट्टाने बाह्या वाढवूनच घेतल्या. पाठ राहिली.

रंगाचा प्रश्न सासूबाईंनी काढला. मोरांच्या भीतीने मी पैठणी बाजूला ठेवून एक गर्द हिरवी नारायणपेठ काढली होती, साधी, चटईचे काठ, मला आवडते. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "हिरवी नको गं." मी म्हटलं का? तर म्हणाल्या, "मुद्दाम त्यांच्यासाठी नेसल्यासारखी वाटेल." गंमत बघा, ह्याच सासूबाईंनी माझ्या लग्नात हातात हिरवा चुडा भरला होता, माझ्या ओटीत हिरवी साडी घातली होती, डोहाळजेवणाला मला डोक्यापासून पायापर्यंत हिरवं केलं होतं. सौभाग्याचा रंग. तोच रंग कळव्याचा पूल ओलांडला की दुसऱ्याचा होतो. मी हे बोलले नाही, कारण खरं सांगायचं तर साडी हातात घेताना माझ्याही मनात तेच आलं होतं. मग काळी? काळी तर शुभकार्यात नाहीच. पांढरी? नको, काहीतरीच. भगवी माझ्याकडे एक आहे, तिच्याकडे मी बघितलंच नाही. कपाटात साठेक साड्या आणि एकेक रंग असा गळत गळत गेला. शेवटी मोरवालीच राहिली.

म्हटलं जाऊ दे, मोर निऱ्यांत घालते.

टिकलीचं पण सांगूनच टाकते. नेहमीची लावून निघाले, लिफ्टमध्ये आरशात बघितलं आणि का कोण जाणे, काढली. आमच्या लिफ्टच्या आरशावर आधीच कोणाकोणाच्या तीन-चार टिकल्या चिकटवलेल्या आहेत, त्यांच्या शेजारी माझी लावली. पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मी त्या उघड्या कपाळाकडे बघत होते. ते कपाळ माझ्या आत्याचं दिसत होतं, काका गेल्यानंतरचं. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा टिकली परत कपाळावर होती, जराशी वाकडी. नवरा म्हणाला वेळ का लागला. मी म्हटलं लिफ्ट थांबत थांबत आली.

आणि हा नवरा. माझी एवढी उलघाल चालू असताना हा गोखले रोडवर जाऊन पठाणी घेऊन आला होता, कॉफी कलरची, कडक कॉलर, खिशाला नक्षी. आधी तो रेशमी झब्बा घालणार होता, मग कोणीतरी ऑफिसात सांगितलं की त्यांच्यात पुरुषांना रेशीम आणि सोनं चालत नाही, तर ह्याने बोटातली अंगठी पण काढून कपाटात ठेवली. मी म्हटलं अरे ते त्यांनी पाळायचं, तुला कोण विचारतंय. तर म्हणे, "मान ठेवायला काय जातं?" त्याच्या बोलण्यात कधीकधी असा एखादा सरळ मुद्दा येतो की उलट काही बोलता येत नाही.

रिक्षाने निघालो. कळवा नाक्याला नेहमीची कोंडी. रेतीबंदरला खाडीचा तो ओलसर, गाळाचा वास आला आणि डोंगरावर मुंब्रादेवीच्या देवळाचे दिवे. पूर्वी ती ऑफिसातून घरी जायची तेव्हा मी तिला स्लो लोकल पकडून द्यायची, कारण फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून थेट पलीकडे, मुंब्रा लागायचंच नाही. १९१६ सालचा तो बोगदा. मी कल्याणला मावशीकडे जायची तेव्हा बोगद्यात शिरलं की पोरं किंचाळायची, कानात दडे बसायचे आणि पलीकडे उजेडात आलो की दिवा. मधलं सगळं डोंगराच्या पोटात. मी कितीतरी वर्षं मुंब्र्याच्या खालूनच गेलेय, असं तेव्हा रिक्षात बसल्या बसल्या वाटून गेलं. तिच्या कौशाच्या घरी मी अठ्ठावीस वर्षांत मोजून चार वेळा गेले असेन. ती माझ्याकडे दर गणपतीत.

हॉलच्या दाराशी पोचलो तर पहिला धक्का नवऱ्याला. सगळे पुरुष सुटात. नुसता सूट नाही, थ्री पीस, खिशात रुमालाचं टोक. म्हाताऱ्यांपैकी काही शेरवानीत, पोरं चकचकीत जोधपुरीत. पठाणी घातलेली मला दोनच माणसं दिसली, एक आमचे हे, आणि दुसरा मागच्या अंगणात देगचं झाकण उघडणारा भटारी. दारातल्या एका पोराने ह्याला अदबीने सलाम केला आणि विचारलं, "चाचा, लड़केवाले कहाँ तक पहुँचे?" ह्याने गंभीरपणे घड्याळ बघून सांगितलं, "आ रहे हैं." मी तिथून पदर तोंडावर धरून बायकांच्या बाजूला पळाले.

बायकांच्या बाजूला आधी एक छोटी खोली होती. तिथलं दृश्य मी विसरणार नाही. भिंतीला खिळे ठोकून दोरी बांधलेली आणि दोरीवर, खुर्च्यांवर, टेबलावर, खिडकीच्या गजांवर नुसते काळे बुरखे. पन्नास-साठ तरी. एक एक बाई काळी आत येत होती आणि बटणं काढून, मान झटकून, शेंदरी, पोपटी, गुलबक्षी होऊन बाहेर पडत होती. घरारे, शरारे, जमिनीवर घासणारे अनारकली, जरदोसीच्या ओढण्या, कोपरापर्यंत बांगड्या, आणि हो, मास्टरनी दाखवलेल्या त्या पाठी. मी त्या खोलीत माझ्या वाढवलेल्या बाह्यांसकट मुख्याध्यापिका दिसत होते. अत्तर, मोगरा, हेअर स्प्रे आणि नवीन कापडाचा एक खळीचा वास असतो ना, सगळं एकात एक. आणि काळा रंग! आपण ज्याला घाबरतो तो काळा, सोनेरी काठ लावून एका मुलीने असा घातला होता की मला आयुष्यभर नेसायच्या राहून गेलेल्या काळ्या साड्या आठवल्या. एका बाईला मी न राहवून विचारलं, परत जाताना आपापला कसा ओळखता? ती म्हणाली, "वासावरून," आणि मग खदखदून हसली, "नाय ओ, बाहीवरची खडी बघून. पण गेल्या लग्नात माझ्या नंदेचा घालून गेले ते घरी जाऊन कळलं." देवळाबाहेरच्या चपलांसारखंच की सगळं.

तेवढ्यात तिने मला शोधलं. लेकीची आई, डोळ्याखाली काळं, मोरपंखी साडी नेसलेली, हो, साडी, वर त्याच रंगाचा स्कार्फ, आणि हातात मोबाईल, किल्ल्या, पर्स, कोणाची तरी दुधाची बाटली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बाह्या कोणी वाढवल्या गो?" बस. पुढे काही नाही, मला हाताला धरून लेकीच्या खोलीत नेऊन बसवलं आणि गेली.

नवरी लाल जोड्यात बसलेली, मेंदीचे हात मांडीवर उताणे ठेवून, जणू कोणाचे तरी सांभाळायला दिलेत. मला बघून "मावशी" म्हणाली आणि तिचे डोळे भरले तशा दोन बायका टिश्यू घेऊन धावल्या, काजळ काजळ करत. मग तिचा मामा आत आला, बरोबर दोन साक्षीदार. मामा वकील, म्हणजे कोर्टातला नाही, निकाहात मुलीच्या बाजूने बोलणारा. बायकांनी पटापट डोक्यावर ओढण्या घेतल्या. मामाने मुलाचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम स्पष्ट शब्दांत सांगितली आणि विचारलं, कबूल आहे का? खोलीत पंख्याचा आवाज. ज्या मुलीला मी बोटीत बसवताना घट्ट धरलं होतं ती खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. मामा म्हणाला, बेटा, जोर से. तिने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग सह्या. निकाहनाम्यावर सही करताना तिची ओली मेंदी नव्हती तरी ती बोटं लांब धरून सही करत होती.

मला आठवेना माझ्या लग्नात मला कोणी काही विचारलं होतं का. भटजींनी विचारलं असेल संस्कृतात. आंतरपाटाच्या अलीकडे मी उभी होते, मंगलाष्टकं चालू होती आणि मला फक्त एवढंच आठवतंय की मुंडावळ्या डोळ्यावर येत होत्या.

मग स्पीकरवरून पुरुषांच्या बाजूचा आवाज यायला लागला, काझींचा खुतबा, अरबीत, लयीत. त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं, पण लय कळत होती. नवऱ्या मुलाचा "कुबूल है" बारीक, घाबरलेला आला, त्यावर बायका दबक्या आवाजात हसल्या. आणि दुआला सगळ्यांनी हात उचलले तेव्हा मीही पदर डोक्यावर घ्यायला गेले तर पैठणीचा तो कडक जरीचा पदर, सुळकन खाली. परत घेतला, परत खाली. शेजारी विशीतली एक मुलगी होती, तिने एका हाताची दुआ तशीच ठेवून दुसऱ्या हाताने स्वतःच्या स्कार्फमधली टाचणी काढली आणि माझा पदर केसांना टाचून दिला. मागे वळून बघितलंही नाही. समोरच्या कपाटाच्या आरशात मी मला दिसले आणि एक क्षण वाटलं आमची अलिबागची आजी बसली आहे. आजीच्या डोक्यावरचा पदर मी कधी खाली आलेला बघितला नाही, विहिरीवर सुद्धा नाही. आम्ही तिला चिडवायचो.

आपल्याकडे त्या घटकेला अक्षता असतात हातात, काहीतरी करायला असतं. इथे झाल्यावर हातात दिलं. जाळीची छोटी पुरचुंडी, आत खारका, बदाम, खडीसाखर. मुबारक मुबारक म्हणत जी ती मिठी मारत होती, ओळख असो नसो. मी पाच-सहा अनोळखी बायकांच्या खांद्यांवर जरदोसीने गाल खरवडून घेतला.

जेवणाची एक गंमत. आम्ही सीकेपी, म्हणजे मटणासाठी लग्नाला जाणारी जात, आणि मी सकाळपासून पोट रिकामं ठेवून होते, कारण त्या घरची बिर्याणी मला माहीत आहे. रांगेत उभी राहिले तर एक गोड मुलगा आला, माझी टिकली आणि पैठणी बघून म्हणाला, "आंटी, आप इधर आइए, आपके लिए अलग इंतज़ाम है." आणि मला पनीरच्या काउंटरवर नेऊन उभं केलं. वेगळी कढई, वेगळे वाढपी, फलक लावलेला. तिथे आमच्या ऑफिसातल्या दोघी जोशी-कुलकर्णी टाईप आधीच जेवत होत्या, त्यांनी मला जागा करून दिली. एवढं मनापासून केलेलं, नाही कसं म्हणणार? मी पनीर घेतलं. पलीकडून देगेतून बिर्याणी उपसल्याचा वाफेचा वास येत होता आणि तिकडे पठाणीतला माझा नवरा एका थाळ्यात चौघांबरोबर बसून नळी चोखत होता, हे मी पडद्याच्या फटीतून स्वतः बघितलं.

लग्न झाल्यावर आठ-दहा दिवसांनी ती ठाण्यात आली. मास्टरकडे काम होतं, मग आम्ही तलावपाळीला भेळ घेऊन बसलो, जिथे नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराची भेळ खाल्ली होती त्याच बाजूला. रंग, कठडे सगळं बदललंय, बाकडी नवीन. पनीरची गोष्ट सांगितल्यावर ती एवढी हसली की चुरमुरा घशात अडकला. मग मी विचारलं, त्या दिवशी काय डिलीट केलंस?

"कधी?"

"मी काय घालू विचारलं तेव्हा."

तिला आठवेना. किंवा आठवलं असेल. म्हणाली काहीतरी चुकीचं टाईप झालं असेल, मराठी कीबोर्ड. मग भेळेतली मिरची बाजूला काढत म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या वेळी अम्मी अख्ख्या चाळीत विचारत फिरली होती, मराठी लग्नाला पोरीने काय नेसून जायचं." मला माहीतच नव्हतं. अम्मीने शेजारच्या काकूंना विचारलं, काकू म्हणाल्या हिरवी नेसव, हिरवं म्हणजे सौभाग्याचं, शुभ. घरात हिरवी साडी नव्हती, काकूंनी त्यांची दिली, ब्लाऊज अम्मीने रात्री बसून आत घेतला. गजरा पण काकूंनीच माळला. "एवढी नटून मी माझ्या लग्नात पण नव्हते," ती म्हणाली.

मला ती साडी आठवते. १९९७, मे महिना, नौपाड्यातला हॉल, पंखे गरम वारा फेकत होते. मी स्टेजवर खुर्चीत बसलेले आणि ती दारातून आत आली, कैरीच्या रंगाच्या हिरव्या साडीत, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या आत्याने कोणाला तरी कुजबुजून म्हटलं, "बघ, हिरवीच नेसून आली." माझ्या कानावर ते आलं. मग हळदीकुंकवाची रांग, माझी काकू करंडा घेऊन एकेकीला लावत पुढे येत होती, तिच्यासमोर आली, बोट कुंकवात बुडवलेलं, हात वर गेला, थांबला, आणि काकू पुढच्या बाईकडे सरकली. ती तशीच उभी राहिली, चेहरा थोडा पुढे केलेला. नंतर दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. हे मी स्टेजवरून बघितलं. मुंडावळ्यांतून. आणि नंतर फोटोला ती शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा मी म्हटलं, जेवून जा हं.

हे तिला माहीत आहे की नाही, मला काय दिसलं होतं ते, हे मला माहीत नाही. तलावाच्या पाण्यावर दिवे हलत होते. मी भेळेचा कागद घडी घालत बसले, चौकोनी, मग आणखी छोटा चौकोनी. ती म्हणाली, "काकूंनी साडी परत मागितली नाही कधी. अजून आहे. अम्मी गेल्यावर कपाटात सापडली." मग उठली, सव्वानऊची स्लो पकडायची होती.

मला सांगता आलं असतं. अर्धा तास होता.

आता गेल्या महिन्यातलं. माझ्या लेकाचा साखरपुडा ठरला, मुलीकडचे डोंबिवलीचे, माणसं चांगली आहेत, थोडी जुन्या वळणाची. मी तिला पत्रिकेचा फोटो पाठवला. रात्री तिचा मेसेज, "काय घालू?" मी ओट्याशी उभी होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. पटकन लिहिलं, काहीही घाल गं. पाठवलं. मग डोळ्यांसमोर डोंबिवलीची मंडळी आली, पहिल्या रांगेत विहीणबाई, त्यांच्या नणंदा, करंडा घेऊन फिरणारं कोणीतरी. माझा अंगठा आपोआप पुढे लिहीत गेला, "स्कार्फ घातलास तरी चालेल", आणि पाठवून झाल्यावर मी ते वाचलं. चालेल. कोणाला चालेल? मी कोण चालवून घेणारी? शिट्टी झाली. मी बोट दाबून धरलं, सगळ्यांसाठी डिलीट, आणि ती करडी ओळ आली, ह्यावेळी माझ्या बाजूला.

तिचं टायपिंग लगेच सुरू झालं. माझ्यासारखी ती चार महिने वाट बघत बसली नाही.

"काय डिलीट केलंस गो?"

मी गॅस बारीक केला. हात पुसले. मग लिहिलं, "हिरवी नेस म्हटलं होतं. ती काकूंची."

दोन निळ्या टिका. बराच वेळ काही नाही. मग एकच शब्द आला.

"खोटारडी."